बेसिनवरची पाटी

सदाशिव पेठेतल्या एका दातांच्या दवाखान्यात मी एकोणीस वर्षं समोरच्या टेबलावर बसते. केसपेपर काढणं, फोन घेणं, वेळ देणं आणि वेळ न पाळणाऱ्यांना घड्याळाची आठवण करून देणं हे माझं काम. यातलं शेवटचं मला विशेष जमतं. दवाखान्यातल्या पाट्याही मीच लिहिते. अक्षर चांगलं आहे आणि, खोटं कशाला बोला, शब्दही सुचतात. 'दात दुखत नसतानाही येता येते.' 'डॉक्टर आत आहेत. दार उघडून खात्री करू नये.' 'घरी विचारून सांगतो म्हणणाऱ्यांनी घरच्यांनाच घेऊन यावे.' लोक पाट्यांचे फोटो काढतात, हसतात. मला ते आवडतं. आवडायचं, असं म्हणायला हवं.

माझं माहेर शनिवार पेठेतलं. कॉलेजातल्या ओळखीतून लग्न झालं आणि मी धायरीला आले. सासरची शेती होती. आता त्या शेतात चार इमारती उभ्या आहेत आणि राहिलेल्या तुकड्यावर आमचं दोन मजली घर. घर बांधलं तेव्हा सासूबाईंनी स्वतः विटा वाहिल्या, महिनाभर भिंतींवर पाणी मारलं. हे मला त्यांनी कधी सांगितलं नाही, नवऱ्यानं सांगितलं. सासरे मी येण्याआधीच गेले होते. घरात आम्ही तिघं, आणि नंतर मुलगी झाल्यावर चौघं.

सासूबाई मिसरी लावायच्या. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, त्यांची पूड करायची आणि ती बोटानं दातांना, हिरड्यांना घासायची. भाजताना असा ठसका लागायचा की शेजारच्या सोसायटीतल्या खिडक्या धडाधड बंद व्हायच्या. पहाटे पाचला उठून भाकऱ्या, डबे, मुलीची आंघोळ, वेणी सगळं उरकलं की साडेआठला त्या मागच्या दाराच्या पायरीवर बसायच्या. शेजारची एक बाई यायची. दोघी बोट तोंडात घालून पंधरा मिनिटं गावातल्या लोकांच्या भानगडी बोलायच्या. मग सासूबाई आत येऊन बेसिनवर चूळ भरायच्या. दिवसभरात त्यांचं बूड टेकायचं ते तेवढंच. हे मला तेव्हाही दिसत होतं. पण मला बेसिन जास्त दिसायचं. पांढरं स्वच्छ बेसिन, त्यावर काळे शिंतोडे.

माझा दिवस घराबाहेर जायचा. दवाखाना सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी पाच ते साडेआठ. दुपारी सिंहगड रोडनं परत येण्यापेक्षा मी शनिवार पेठेत आईकडे जाऊन पडायची. म्हणजे माझी मुलगी वाढली ती सासूबाईंच्या हातावर. तिचा पहिला दात पडला तोही त्यांच्याच ओंजळीत. मला संध्याकाळी फोनवर कळलं.

घरात दातांचं खातं मात्र माझ्याकडे होतं. तिथं कोणी मधे बोलायचं नाही. रात्रीचा ब्रश चुकवला तर नवऱ्यालाही अंथरुणातून उठवायची. दर सहा महिन्यांनी एका शनिवारी सगळ्यांना दवाखान्यात न्यायची. मुलीच्या दाढा बुजवून घेतल्या, नवऱ्याचे दात साफ करून घेतले, माझ्या आईची कवळीसुद्धा तिथेच झाली. ओळखीपाळखीच्या सगळ्यांची तोंडं आमच्या डॉक्टर मॅडमनी बघितली होती. एकच राहिलं होतं.

मी विचारायची नाही असं नाही. हेल्मेट डोक्यावर चढवून, गाडीची किल्ली हातात घेऊन दारातून विचारायची, "आई, तुम्ही येताय का?"

"मला काय झालंय? दात हायत की जागच्या जागी," त्या म्हणायच्या.

आणि मी लगेच गाडी सुरू करायची. कोणाला खरंच न्यायचं असेल तर आपण असं विचारत नाही. दवाखान्यात माझा एक तोरा होता. दातांबद्दल कडक म्हणून मी प्रसिद्ध होते. तिथे मॅडमसमोर, सोबतच्या मुलींसमोर माझ्या घरातलं एक काळं तोंड मला उघडून दाखवायचं नव्हतं. मला त्यांची लाज वाटायची. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

मुलगी सहा वर्षांची असताना एका सकाळी मी मागच्या दाराशी गेले, तर पायरीवर आजी आणि नात शेजारी शेजारी बसलेल्या. नातीचं बोट तोंडात. बोटाला चुलीतली राख होती, मिसरी नव्हती. आजीनंच चिमूटभर राख देऊन समजूत काढली होती. पण ते मला नंतर कळलं. त्या क्षणी मी मुलीचा दंड धरून तिला उठवलं, तिचं तोंड खसाखसा धुतलं आणि सासूबाईंना एक शब्द बोलले नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. भांडण झालं असतं, दोन दिवस अबोला, मग मिटलं असतं. मी काय केलं, तर दवाखान्यातून आणलेला जाड स्केचपेन काढला आणि पाटी लिहिली.

'हे बेसिन दात पांढरे करण्यासाठी आहे. दात काळे करण्यासाठी या घरात जागा नाही.'

आरशाच्या वर चिकटपट्टीनं लावली. नवरा आधी हसला, मग म्हणाला, "अगं, आईचंच घर आहे." पण म्हणता म्हणता त्यानं फोटो काढला आणि कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. माझ्या माहेरच्यांनी हसून हसून पुरेवाट झाल्याचं कळवलं. एका मामेभावानं लिहिलं, खास पेठेतली सून.

सासूबाई चौथीपर्यंत शिकल्या होत्या. पाटीखाली उभ्या राहून, हवेत बोट फिरवत त्यांनी ती वाचली. मी स्वयंपाकघरातून बघत होते. पहिलं वाक्य सरळ गेलं. दुसऱ्यात 'या घरात' पाशी बोट थांबलं, पुन्हा मागे गेलं, पुन्हा तिथवर आलं. मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आक्षर बेस हाय तुझं."

दुसऱ्या दिवसापासून पायरी रिकामी. मिसरीचा वास नाही, तवा नाही, बेसिनवर शिंतोडा नाही. शेजारीण दोनदा येऊन परत गेली. मला वाटलं, जिंकलं.

मी दवाखान्यात जाऊन ते रंगवून सांगितलं. पंचेचाळीस वर्षांची सवय एका पाटीवर सुटली! मॅडमना तर ते इतकं आवडलं की त्या तंबाखूवाल्या पेशंटना खुर्चीत आडवं करून सांगायच्या, "बाहेर बसल्यात ना आमच्या त्या, त्यांच्या सासूबाईंनी एका दिवसात सोडली. तुम्हाला काय झालंय?" पेशंट बाहेर आले की माझ्याकडे आदरानं बघायचे. मी मान खाली घालून केसपेपर चाळायची, लाजल्यासारखं करून.

त्यानंतरच्या चार वर्षांत जे जे दिसलं, ते आज मी एकाखाली एक मांडू शकते. तेव्हा नाही मांडलं. सासूबाई भाकरी कुस्करून आमटीत भिजवायला लागल्या. ठेचा बंद केला. सगळ्यांचं झाल्यावर एकट्या जेवायला बसू लागल्या. हसताना पदर तोंडाशी जायला लागला. मसाल्याच्या डब्यातल्या लवंगा भराभर संपायच्या. तोंड आलं की लावायचं जेल मी मुलीसाठी आणून ठेवायची. ती ट्यूब पंधरा दिवसांत रिकामी व्हायची आणि मी मुलीवर ओरडायची की, गोड लागतं म्हणून खातेस का?

आणि भिजवलेली भाकरी बघून मी काय म्हणाले असेन? "काय आई, आमच्या पेठेतल्यासारखं मऊ मऊ जेवायला लागलात." त्या हसल्या, पदराआडून. दिवसाला पंचवीस माणसांना 'काय त्रास होतोय?' असं विचारणारी बाई मी. घरी हा प्रश्न मला एकदाही सुचला नाही. घरी मला फक्त टोमणे सुचत होते.

गेल्या दिवाळीच्या आधी पाण्याची टाकी धुवायला माणूस आला. त्याला वाट दाखवायला मी गच्चीवर गेले. टाकी आणि कठडा यांच्या मधे हातभर जागा आहे. तिथे एक पाट उपडा घातलेला होता, बसायला. शेजारी विकतच्या मिसरीची डबी. कागदाच्या पुडीत लवंगा. जेलच्या पिळून पिळून सपाट केलेल्या चार ट्यूबा. आणि आरशाचा एक फुटका तुकडा, बोटभर, कडा बोचू नयेत म्हणून चिकटपट्टी गुंडाळलेला.

डबी बघून मला राग आला. चार वर्षं फसवलं मला, असं वाटलं. तो राग डोक्यात घेऊनच मी आरशाचा तुकडा उचलला आणि तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की मिसरी लावायला आरसा लागत नाही. ती आंधळ्यालाही लावता येते. आरसा लागतो तो तोंडात काहीतरी आहे, ते रोज बघायला.

माणूस टाकीत उतरला होता. सासूबाई जिन्यातून वर आल्या, माझ्या हातात तुकडा बघितला आणि कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. पकडल्या गेल्यासारखं त्यांचं तोंड झालं होतं. माझ्या मुलीचं होतं तसं. सहासष्ट वर्षांच्या बाईचं, तिनं स्वतः विटा वाहिलेल्या घराच्या गच्चीवर.

"आई, काय झालंय तोंडात?"

"काय न्हाई. जरा चुरचुरतं."

"कधीपासून?"

मी पुन्हा विचारलं.

"दोन दिवाळ्या झाल्या."

"मग सांगितलं का नाही? मी दातांच्या दवाखान्यात आहे, आई! रोज तिथेच तर जाते!"

"म्हून तर." त्या खाली बघत म्हणाल्या. "शेजारीण गेली हुती ना तुझ्या दवाखान्यात, दाढ काढाया. तुझ्या डाक्टरीणबाईनं तिला सांगितलं, हिच्या सासूनं येका दिसात सोडली म्हून. लई कौतुक करत हुत्या म्हनं तुझं. मंग म्या तिथं येऊन तोंड कसं दाखवू? तू खोटी पडली आसतीस."

मी त्यांची लाज बाळगत होते आणि त्या माझी लाज राखत होत्या. चार वर्षं, त्या हातभर जागेत, उपड्या पाटावर बसून.

मी तुकडा खाली ठेवला आणि म्हटलं, दाखवा. त्यांनी खालचा ओठ बोटानं खाली ओढला. समोरचे दात हलत होते, हिरड्या उतरल्या होत्या, आणि ओठाच्या आतल्या बाजूला खोबणीत एक पांढरा चट्टा होता. नखाएवढा नाही, चांगला रुपयाएवढा. एक कड लाल. असे चट्टे मी ऐकून होते. मॅडम अशा पेशंटशी हळू आवाजात बोलतात आणि मग मला दुसऱ्या डॉक्टरांना फोन लावायला सांगतात, एवढं मला माहीत होतं. सासूबाईंनी सांगितलं ते आणखी वाईट होतं. पायरीवर असताना त्या घासायच्या आणि चूळ भरून टाकायच्या. गच्चीत चूळ भरायला जागा नाही, आणि खाली बेसिनवर टाकली तर काळं दिसेल. म्हणून त्या चिमूट ओठाखाली दाबून ठेवायच्या. तासन् तास. माझ्या पाटीनं मिसरी सुटली नव्हती, मुक्कामाला आली होती.

आता जे सांगते त्याची मला सगळ्यात जास्त शरम वाटते. एवढं सगळं कळल्यावरही मी दुसऱ्या दिवशी त्यांना आमच्या दवाखान्यात नेलं नाही. सिंहगड रोडवर एक दवाखाना शोधला, जिथे मला कोणी ओळखत नाही. स्वतःला सांगितलं, जवळ पडेल. त्यांनी काही विचारलं नाही. त्यांना कळलं होतं.

तिथे समोरच्या टेबलावर विशीतली एक मुलगी होती. तिनं केसपेपर काढला, नाव, वय लिहिलं आणि मान वर न करता विचारलं, "आजी, सवयी? तंबाखू, मिसरी, सुपारी, काही?"

हा प्रश्न मी आजवर किती जणांना विचारला असेल! लोक खोटं बोलतात हे मला माहीत आहे, त्यावर मी विनोदही करते. पण बोलण्याआधी माणूस कुठे बघतो, ते मी कधी बघितलं नव्हतं, कारण माझीही मान खालीच असायची. सासूबाईंनी आधी माझ्याकडे बघितलं. मग त्या मुलीकडे बघून म्हणाल्या, "न्हाई."

मुलीनं 'काही नाही' वर खूण केली.

"खोडा ते," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, मुलगी दचकली. "मिसरी लिहा. पंचेचाळीस वर्षं. नाही, एकोणपन्नास. शेवटची चार वर्षं चोरून, माझ्यामुळे. ते नका लिहू. मिसरी लिहा फक्त."

डॉक्टरांनी चट्ट्याचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. निकाल यायला दहा दिवस लागले. त्या दहा दिवसांत मी घरात एकही टोमणा मारला नाही. नवरा म्हणाला, तू बरी आहेस ना? दहाही दिवस सासूबाई नेहमीसारख्या पाचला उठल्या, डबे केले, नातीची वेणी घातली. मी बेसिनवरची पाटी काढली. चिकटपट्टीबरोबर भिंतीचा रंगही निघून आला, चार कोपऱ्यांना चार पांढरे ठिपके राहिले. माझ्या मुलीनं विचारलं, "का काढलीस? मस्त होती की." मी तिला राखेबद्दल विचारलं. तेव्हा कळलं की त्या दिवशी आजीनं तिला मिसरीला हातसुद्धा लावू दिला नव्हता.

निकाल आला. कॅन्सर नव्हता. पण चट्टा नुसता सोडून देण्यासारखाही नव्हता. दर तीन महिन्यांनी दाखवायचं, मिसरी बंद करायची, समोरचे चार दात काढावे लागतील. डॉक्टर म्हणाले, "दोन-तीन वर्षांपूर्वी आणलं असतं तर दात तरी वाचले असते. घरात कोणाच्या लक्षात नाही आलं?" सासूबाई चटकन म्हणाल्या, "म्याच लपवलं." त्यांनी मला त्याही वेळी वाचवलं आणि मी तेही करू दिलं.

मॅडमना मी सगळं सांगितलं ते त्यानंतर दीड महिन्यानं. ऐकून त्यांनी हातातले मोजे काढून ठेवले. मग म्हणाल्या, "म्हणजे मी इतकी वर्षं खोटं सांगत होते." ती गोष्ट त्यांनी पुन्हा कोणाला सांगितली नाही. मी आता केसपेपर भरताना सवयींच्या रकान्यापाशी आले की सोबतच्या माणसाला पाणी प्यायला पाठवते. सुनेला, मुलाला, नवऱ्याला, जो असेल त्याला. मग मान वर करून विचारते. खरं बोलणारे वाढलेत.

परवा, तिसऱ्या तपासणीला, मी सासूबाईंना आमच्या दवाखान्यात घेऊन गेले. त्याच म्हणाल्या, "आता परक्याकडं कशाला? तुझ्याच डाक्टरीणबाईला दावू." समोरच्या चार दातांची नवी कवळी बसवलेली होती, नऊवारीला इस्त्री होती. टेबलाच्या पलीकडे त्या खुर्चीत ताठ बसल्या आणि मी नवा केसपेपर काढला. नाव लिहिलं. एकोणीस वर्षांत प्रथमच. वय लिहिलं. मग रकाना आला. या वेळी पाणी प्यायला पाठवावं असं माणूस मीच होते, पण लिहायला दुसरं कोणी नव्हतं.

"आई, मिसरी?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पेन धरून थांबले, काहीही ऐकायची तयारी करून.

"लावते," त्या म्हणाल्या. "सकाळच्याला येकदा. लगीच चूळ भरून टाकते. डाक्टरनं सांगितलंय बंद कर म्हून, पर येकदम न्हाई सुटत गं."

खरं बोलल्या म्हणून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पायरीवर पुन्हा कधी बसायला लागल्या ते मला आठवेना, मी बघितलंच नव्हतं. म्हणून केसपेपरवर नसलेला एक प्रश्न मी विचारला.

"कुठे बसून लावता?"

"आता कुठं म्हंजे?" त्या म्हणाल्या. "टाकीमागंच की."

पाटी काढून नऊ महिने झाले होते. मी रकान्यात 'सकाळी एकदा' एवढं लिहिलं आणि कागद आत पाठवला.